घोडा आणि घोड्या एकाच आवारात: लहान पागेचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापीकाठी आमची साडेतीन एकरांची जागा आहे. त्यात चार घोड्या, एक घोडा आणि त्या त्या वर्षीची शिंगरं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे दिवस आले की फोन सुरू होतात आणि प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. या पानावर 'घोडा' म्हणजे खच्ची न केलेला नर. खच्ची केलेल्याला आम्ही 'आख्ता' म्हणतो, इथेही तेच लिहिलंय.

तीन-चार एकरांत घोडा आणि घोड्या एकत्र राहू शकतात का?

राहू शकतात. मात्र 'एकत्र' म्हणजे बारा महिने चोवीस तास एकाच कुंपणात नव्हे. आमच्याकडे घोडा साधारण फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत घोड्यांबरोबर मोकळा असतो. आषाढ लागला की त्याला शेजारच्या आवारात घेतो. तिथून त्याला घोड्या दिसतात, हुंगता येतात, पण तो त्यांच्यावर जाऊ शकत नाही.

कारण साधं आहे. घोडी अकरा महिने आणि वर थोडे दिवस, सरासरी ३४० दिवस गाभण राहते. चैत्रात भरलेली, म्हणजे घोडा लागलेली, घोडी फाल्गुनात विते, तेव्हा जमीन कोरडी असते. श्रावणात भरलेली घोडी पुढच्या आषाढात विणार. आमच्या काळ्या रानात त्या वेळी माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे शिंगराची ओली नाळ चिखलाला लागली की काय होतं, ते एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायचं नाही.

मला दोनच घोड्या आहेत. घोडा विकत घ्यावा का?

नको. मी स्वतः घोडा ठेवतो तरी हेच सांगतो.

दोन घोड्यांसाठी घोडा वर्षातले फार तर दहा-बारा दिवस कामाचा असतो. उरलेले साडेतीनशे दिवस त्याला चंदी (दाण्याचा खुराक), कडबा, नालबंदी, मजबूत कुंपण आणि रोज हात लावणारा जाणता माणूस लागतो. त्यापेक्षा घोडी चांगल्या घोड्याकडे नेऊन भरवून आणा. त्यामुळे दर वर्षी वेगळं रक्त निवडता येतं. स्वतःचा घोडा असला की माणूस त्याच्याच प्रेमात पडतो. मग घोडीचे पाय सरळ नसले आणि घोड्याचेही नसले, तरी जोडी लावून मोकळा होतो.

कृत्रिम रेतनाचाही पर्याय आहे, पण गायी-म्हशींसारखा तो गावोगाव पोहोचलेला नाही. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत त्यावर बरीच वर्षं काम चाललंय. २०२३ साली तिथेच भ्रूण प्रत्यारोपणातून 'राज-प्रथमा' नावाचं मारवाडी शिंगरू जन्मलं. रेसच्या थरोब्रेड घोड्यांचा मामला वेगळा. त्यांच्यात कृत्रिम रेतनाच्या शिंगराची नोंदणीच होत नाही, नैसर्गिक भरणच लागतं.

घोडा आगाडी-पिछाडी घालून, म्हणजे पुढून-मागून दोर लावून, बांधून ठेवला तर बिघडतं काय? आजोबांच्या वेळेपासून तसंच चालत आलंय.

आजोबांच्या वेळी घोडा रोज मैलोन्‌मैल चालायचा. टांग्याला जुंपला जायचा, वरातीत नाचायचा, नाहीतर मालकाला घेऊन तालुक्याला जायचा. रात्री दावणीला यायचा तेव्हा थकलेला असायचा. आज तोच घोडा दिवसभर त्याच खुंट्याला असतो आणि आठवड्यातून एकदा फोटोसाठी बाहेर निघतो. मग तो डुलायला लागतो, गव्हाण चावून हवा गिळायला लागतो, स्वतःच्याच छातीवर चावे घ्यायला लागतो. लोक म्हणतात, घोडा मारका निघाला. तो मारका निघालेला नसतो, केलेला असतो.

घोडा कळपातलं जनावर आहे. एकाकी वाढलेल्या घोड्याला घोडीशी बोलताच येत नाही. घोडी दिसली की तो थेट मागून अंगावर जातो, लाथ खातो, चिडतो, चावतो. अशा घोड्याला दोन माणसं लगामाला लोंबकळून घोडीजवळ नेतात आणि त्यालाच 'जोश' म्हणतात. आमचा बादल आमच्याकडे आला तेव्हा असाच होता. आज त्याला एक माणूस सुती दोरीवर नेतो. हे मी शिकवलेलं नाही. शिकवलं ते आमच्या थोरल्या घोडीनं.

ते कसं? नवा घोडा घोड्यांत पहिल्यांदा सोडताना काय करायचं?

घाई नाही करायची. पहिले तीन-चार आठवडे तर नवं जनावर पूर्ण वेगळंच ठेवायचं. त्याचं कारण खाली रोगांच्या प्रश्नात आहे. त्यानंतर दहा-पंधरा दिवस शेजारच्या आवारात, मध्ये दणकट आडोसा. सुरुवातीला किंचाळणं, पुढचा पाय आपटणं, मान वाकवून धावणं हे सगळं होणार. हळूहळू ते कमी होतं. आडोशाच्या दोन बाजूंना दोघं शांतपणे कडबा खाताना दिसले की पुढची पायरी.

सोडायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे मागचे नाल काढून टाका. लोखंडी नालेची दुगाणी आणि नुसत्या खुराची दुगाणी यांत मोडलेलं हाड आणि सुजलेली मांडी एवढा फरक असतो. मोरखीही (तोंडावरची दोरी) काढा, कुठेतरी अडकते. सकाळी, कोरड्या जमिनीवर, पोटभर चारा खाऊन झाल्यावर, सगळ्यात मोठ्या आवारात सोडा. बरोबर एकच घोडी द्या. तीही वयानं मोठी, वेतं झालेली, शांत. पहिल्या खेपेची कोवळी घोडी नको, ती घाबरून कुंपणावर जाते.

बादलच्या वेळी आम्ही थोरल्या कस्तुरीला आत ठेवलं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बादल फाटकातून सुटला तो तडक तिच्या मागे. ती खात होती, मानही वर केली नाही. तो दोन हातांवर आला तशी तिची शेपटी एकदा सप्‌कन हलली आणि कान मागे पडले. त्या गड्याला त्याचा अर्थच माहीत नव्हता. पुढच्या क्षणी दोन्ही मागचे पाय त्याच्या छातीवर. धप्प असा आवाज झाला, पोत्यावर काठी मारावी तसा. तो मागे सरकला, लांब जाऊन उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. कस्तुरी खातच होती. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो लांबून वळसा घालून तिच्या खांद्याच्या बाजूनं आला, थांबला, नाकपुड्यांनी हळूच फुरफुरला. तिनं येऊ दिलं.

तेव्हापासून तो मागून कधीच जात नाही. लाथ पडताना आत धावून चाबूक फिरवायचा मोह मलाही झाला होता. आमच्या मोतद्दार मामांनी, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या मामांनी, हात धरून ठेवला. म्हणाले, "मालक, तिला बोलू द्या."

एक घोडी जमली की दोन-तीन दिवसांनी दुसरी, मग तिसरी. रक्त निघालं, लंगडणं आलं किंवा घोडा पाठलाग थांबवतच नसेल, तर वेगळं करा आणि पुन्हा आडोशापासून सुरुवात करा.

कुंपण कसलं हवं?

या प्रश्नाला लोक कंटाळतात आणि सगळे अपघात इथेच होतात.

काटेरी तार नको, कुठल्याच बाजूला. घोड्याची कातडी बैलासारखी नसते. तारेत पाय अडकला तर तो थांबत नाही, ओढतो आणि मांस हाडापासून सोलून निघतं. लाकडी किंवा लोखंडी पाइपचे आडवे दांडे उत्तम. ते परवडत नसतील तर रुंद पट्टीची दिसणारी तार आणि तिला झटका मशीन. रानडुकरांसाठी वापरतात तेच मशीन चालतं. घरातल्या लाइटची वायर थेट तारेला जोडायची नाही. त्यानं माणसं मरतात आणि तो गुन्हाही आहे.

घोड्यांसाठी साडेचार-पाच फूट उंची पुरते, घोड्याच्या आवाराला सहा फूट धरा. घोडा आणि घोड्या यांच्यामध्ये एकेरी कुंपण नसावं. दोन कुंपणं आणि मध्ये आठ-दहा फुटांची गल्ली ठेवा, तीच येण्याजाण्याची वाट होते. हुंगण्यासाठी म्हणून एकाच ठिकाणी छातीइतक्या उंचीचा भरीव फळ्यांचा आडोसा ठेवलाय. माज तपासायलाही तोच.

कुंपणापेक्षा मी कोपऱ्यांना जास्त भितो. कळपात खालच्या पायरीवरची घोडी कोपऱ्यात कोंडली गेली की तिला सुटायला वाट नसते. म्हणून काटकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दांडे टाकून ते गोल करून घेतलेत. मोकळ्या शेडला दोन दारं आहेत. एकच दार असलेली शेड म्हणजे पिंजरा. दुबळी घोडी पावसात बाहेर भिजत उभी राहील, पण आत जाणार नाही.

पावसाळ्यासाठी अर्धा एकर जागेवर मुरूम टाकलाय. काळ्या मातीत चार महिने उभ्या राहिलेल्या जनावराच्या खुराची पुतळी (तळव्याचा मऊ भाग) सडते, काळा वास मारणारा चिखल निघतो. मुरमाचा खर्च पहिल्या वर्षी डोळ्यांवर येतो, पुढे नालबंदाच्या आणि औषधांच्या पैशांत निघतो.

घोडी माजावर आली हे कसं ओळखायचं?

घोडा आडोशापलीकडे आणा आणि घोडीकडे बघा. माजावरची घोडी शेपटी बाजूला धरते, मागचे पाय फाकवून किंचित बसते, थोडं थोडं मूत सोडते आणि योनीचे ओठ उघडझाप करतात. माजावर नसलेली घोडी कान पाडते, किंचाळते, दुगाण्या झाडते. काही घोड्या लाजाळू असतात, विशेषतः शिंगरू बरोबर असताना. त्यांना दोन-तीन वेळा दाखवावं लागतं.

माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. त्यातले पाच ते सात दिवस ती घोडा घेते. बीज सुटतं ते माजाच्या शेवटी, माज ओसरण्याच्या एक-दोन दिवस आधी. म्हणजे पहिल्याच दिवशी घाईघाईनं भरवून घरी नेलेली घोडी बहुधा रिकामीच जाते. दिवस मोठा होऊ लागला की चक्रं नियमित होतात, थंडीत बऱ्याच घोड्या थंड पडतात. वहीत तारीख लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेली तारीख मला कधीच सापडलेली नाही.

मोकळं सोडून भरवावं की हातात धरून?

स्वतःच्या ओळखीच्या, एकमेकांत रुळलेल्या घोड्या असतील तर मोकळं. घोडा योग्य वेळ आपल्यापेक्षा बरोबर ओळखतो. घोडी नको म्हणाली तर तो ऐकतो आणि गर्भ राहण्याचं प्रमाणही चांगलं असतं. तोटा असा की नेमकी तारीख कळत नाही आणि लाथेची जोखीम राहते. तारखेसाठी पहाटे-संध्याकाळी लक्ष ठेवायचं, एवढंच हातात आहे.

बाहेरून आलेली घोडी असेल तर हातातच, नेहमीच. तिचा स्वभाव माहीत नाही, रोग माहीत नाही आणि आपल्या घोड्याचा पाय मोडला तर तिचा मालक काही भरून देणार नाही. शेपटीच्या मुळाला स्वच्छ पट्टी गुंडाळा, मागचा भाग साध्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. गरज पडली तर मागच्या पायांना पटकन सुटणारा पायबंद घाला. घोडी धरणारा आणि घोडा धरणारा दोघंही एकाच बाजूला उभे राहतात, म्हणजे काही झालं तर दोन्ही जनावरं एकाच दिशेला वळवता येतात. घोड्याची शेपटी वरखाली हलताना दिसली की काम झालं. उतरल्यावर घोडीचं तोंड लगेच त्याच्याकडे वळवा. मागचे पाय त्याच्यापासून लांब गेले पाहिजेत.

माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकाआड एक दिवस, घोडी नकार देईपर्यंत. वीर्य घोडीच्या पोटात दोन दिवस तरी टिकतं, त्यामुळे रोज भरवून घोडा दमवायची गरज नाही.

आणि घोड्याला ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन महिने गर्भ कमी राहिले तरी घोडीला दोष देऊ नका. नवं वीर्य तयार व्हायला जवळपास साठ दिवस लागतात.

सोनोग्राफी खरंच लागते का?

हो. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी. गर्भ आहे का हे कळतंच, पण मुख्य कारण जुळं. घोडीला जुळं पेलत नाही. बहुतेक वेळा दोन्ही पडतात, तेही बरेच महिने गेल्यावर आणि घोडीचा जीव धोक्यात घालून. या दिवसांत दिसलं तर पशुवैद्यक एक गर्भ दाबून नाहीसा करू शकतात, पुढे ते अवघड होत जातं. दुसरी तपासणी २८-३० दिवसांनी, ठोके पाहायला. पस्तीस-चाळीस दिवसांनंतर गर्भ गेला तर गर्भाशयातल्या संप्रेरकांमुळे घोडी पुढे काही महिने नीट माजावर येत नाही. म्हणजे ते वर्ष गेलं.

गाभण घोडी घोड्याबरोबर ठेवली तर चालते?

तो तिचा ओळखीचा, तिला भरवणारा घोडा असेल तर चालते. आषाढानंतर बादलच्या सोबतीला आम्ही एक गाभण घोडीच देतो. तो एकटा राहत नाही आणि ती त्याला हद्दीत ठेवते. पण दुसऱ्या घोड्यापासून गाभण असलेली घोडी विकत आणून आपल्या घोड्यात सोडायची नाही. नवा घोडा पाठलाग करून, जबरदस्ती करून गर्भ पाडू शकतो.

शेवटच्या तीन महिन्यांत तिला वेगळं काढतो. तिची चंदी वाढवायची असते आणि घोड्याचं पोट वाढवायचं नसतं.

घोडा शिंगराला मारतो का?

आपल्या शिंगराला बहुधा नाही. बादल तर उन्हात आडवी पसरलेली शिंगरं चुकवत चालतो. पण घोडे शिंगरं मारतात हेही खरं आहे, विशेषतः नव्यानं आलेला घोडा आणि त्याची नसलेली शिंगरं असा प्रसंग असेल तेव्हा. म्हणून विण्याच्या वेळी घोडा बाहेर. यावर मी तडजोड करत नाही.

त्याचं दुसरंही कारण आहे. व्यायल्यावर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास घोडी पुन्हा माजावर येते. घोडा आत असेल तर तो तिला भरवणार. तिचं गर्भाशय अजून सावरलेलं नसतं, शिंगरूही त्याच सुमारास हगवणीनं बेजार असतं. वर्षाला एक शिंगरू हवंच अशा हिशोबानं पाहिलं तर हा माज सोडवत नाही, कारण ३४० दिवस वजा केले की वर्षात हातात पंचवीसच दिवस उरतात. मी तो हिशोब करत नाही. त्यानंतरच्या, साधारण तिसाव्या दिवसाच्या माजाला भरवतो. तारीख फार पुढे सरकली तर घोडीला एक वर्ष सुट्टी.

विताना काय बघायचं?

दोन ते सहा आठवडे आधी कास भरते. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमले की एक ते चार दिवस, काही घोड्या तेही दाखवत नाहीत. बहुतेक रात्रीच वितात, माणूस चहा करायला गेला की तेवढ्यात.

पाण्याची पिशवी फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस ते तीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन पुढचे पाय, एक थोडा पुढे, आणि त्यावर नाक हे बरोबर. पांढुरकी पिशवी दिसण्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आली तर डॉक्टरची वाट बघायची नाही, ती तिथेच फाडायची. वार, म्हणजे गर्भाला पोसणारं आवरण, आधीच सुटलेली असते आणि शिंगराला श्वास मिळत नसतो. फोन नंतर करा.

पुढचा हिशोब एक-दोन-तीन असा लक्षात ठेवा. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत दूध पिताना, तीन तासांत घोडीची वार पडलेली. वार अडकली तर 'उद्या पडेल' असं गायीच्या अनुभवावरून म्हणू नका. घोडीत विष भिनून खूर निकामी होतात, जीवही जातो. चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे, कारण शिंगराला आईच्या पोटात प्रतिकारशक्ती मिळालेली नसते. नाळ ओढून तोडू नका. आपोआप तुटली की सौम्य आयोडीन किंवा पशुवैद्यकांनी दिलेलं द्रावण लावा.

शिंगरं कधी वेगळी करायची?

दूध पाच-सहा महिन्यांनी तोडतो. त्यानंतरचा प्रश्न जास्त नाजूक आहे. नर शिंगरू वर्षाचं झालं की त्याला आई-बहिणींपासून वेगळं करा. 'अजून लहान आहे' म्हणून दीड वर्षाचा गडी घोड्यांत ठेवला आणि पुढच्या वर्षी शिंगरांचा बाप कोण असं आख्ख्या पागेला कोडं पडलं, असं एका शेजाऱ्याकडे झालंय. मादी शिंगरूही वर्ष-दीड वर्षात माजावर येऊ शकते आणि बाप तिथेच असतो. लहान पागेत बाप-लेकीची जोडी नकळत लागते ती अशीच. बछेरी तीन-चार वर्षांची होईपर्यंत भरवायची नाही. तोवर ती घोड्याच्या आवारात नको.

दोन घोडे ठेवता येतील का?

घोड्या नसतील तर येतात. मोकाट कळपांत तरुण नर टोळी करूनच राहतात. पण साडेतीन एकरांत, वाऱ्यावर माजाच्या घोडीचा वास येत असताना? नाही. दुसरा आख्ता करून घ्या.

खच्ची म्हटलं की आपल्याकडे माणसांचेच चेहरे उतरतात. घोड्याची शान जाईल म्हणतात. ज्या नरापासून तुम्ही शिंगरं घेणार नाही, त्याला आयुष्यभर एकटा बांधून ठेवण्यात कसली शान? आख्ता घोड्यांबरोबर बारा महिने राहतो, शिंगरांचा काका होतो, घोड्यालाही सोबत देतो. भूल देऊन, पशुवैद्यकाकडून, धनुर्वाताची लस देऊन, एक-दोन वर्षांच्या वयात करून घ्या. त्यानंतर सहा आठवडे तरी घोड्यांत सोडू नका, मार्गात उरलेलं बीज काही काळ जिवंत असतं.

एकत्र चारायचं कसं?

गवत-कडबा एकत्र, चंदी वेगवेगळी. कडब्याचे ढीग जनावरांपेक्षा एकानं जास्त ठेवा आणि लांब लांब ठेवा, म्हणजे हाकलून दिलेल्या घोडीला जायला जागा राहते. पाण्याचे हौद दोन. चंदी तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या पिशवीतून) किंवा जनावर बांधून. मोकळ्यावर बादली ठेवली की भांडण लागलंच.

साडेतीन एकरांवर पाच जनावरं पोसली जात नाहीत, हे मान्य करा. जागा हिंडायला आहे, चारा विकत किंवा शेतातला. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून पाटीभर घालू नका. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. उसाच्या वाढ्यांतलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. दोन्ही एकत्र चालू राहिलं तर हाडं पोकळ होतात, चेहरा फुगतो, गाभण आणि दुभती घोडी आधी लंगडते. लसूणघास आणि खनिज मिश्रण द्या. बुरशी लागलेला मका मेंदू खातो. आणि कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, ते कोंबडीला चालतं आणि घोड्याचं हृदय बंद पाडतं. गाईंच्या तयार खाद्याची गोणीही वाचल्याशिवाय उघडायची नाही.

बाजारातून आणलेलं जनावर लगेच कळपात सोडलं तर?

सारंगखेडा असो की नांदेडकडची माळेगावची यात्रा, एका मैदानात अनेक राज्यांची जनावरं उभी असतात. नवं जनावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं, बादली वेगळी, खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा, शक्य तर माणूसही वेगळा.

सगळ्यात मोठी भीती ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची. नाकातून चिकट स्राव, अंगावर ओळीनं गाठी आणि फुटणारी व्रणं. लस नाही, उपचाराची परवानगी नाही, पक्का निघालेला घोडा मारावा लागतो आणि तो रोग माणसालाही होतो. रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय मी सौदा करत नाही, बाहेरची घोडी भरवायलाही घेत नाही. 'आमच्यावर विश्वास नाही का' असं विचारणारे भेटतात. नाही म्हणून सांगतो.

दुसरा रोग सरा. गोमाशांमधून पसरतो, गाई-म्हशींत वरवर काही न दिसता राहू शकतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज, मागचे पाय डळमळणं, गाभण घोडीनं गर्भ टाकणं. गोठा आणि पागा शेजारी असेल तर पावसाळ्यात तापमापी हाताशी ठेवा. धनुर्वाताची लस सगळ्यांना, गाभण घोडीला विण्याआधी चार ते सहा आठवडे पुन्हा एकदा.

भोवरे (अंगावरच्या केसांची वलयं) आणि रंग पाहून घोडा निवडावा का?

बाजारात पंचकल्याणीला (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आणि नुकऱ्याला (पांढरा) भाव मिळतो, हे खरंच आहे. विकायचं असेल तर बघावंच लागेल. पण पैदाशीचा घोडा निवडताना मी आधी त्याची शिंगरं दाखवा म्हणतो, मग पाय, मग तो मोतद्दाराशी कसा वागतो ते. भोवरे शेवटी, मालक दाखवतोच आहे म्हणून.

सरकारी अनुदान आहे का?

२०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाखांपर्यंत, मंजूर केलं. चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच करा. अनुदान मिळेल म्हणून घोडा घेऊ नका, एवढंच माझं मत.

घरात लहान मुलं आहेत. घोडा ठेवावा का?

आमच्याही घरात होती. नियम तीनच केले होते आणि ते पाहुण्यांनाही लागू होते. घोड्याच्या आवाराला आतबाहेर दोन कड्या. हातानं खाऊ भरवायचा नाही, गुळाचा खडासुद्धा नाही, कारण हातात खाऊ शोधणारा घोडा आधी बोट चावतो. आणि माजावर घोडी असेल त्या आठवड्यात आवारात फक्त मामा आणि मी.

मामा गावाला गेले की मी बादलला भरवायला काढत नाही. घोडी माजावर असली तरी नाही. २१ दिवसांनी ती पुन्हा येते.